हाडांवरचे क्रमांक पुसू नका : जीवाश्मांचे लिलाव करणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
जीवाश्मांचे लिलाव भरवणाऱ्या संस्था, जीवाश्मांचे व्यापारी आणि त्यांच्याकडून खरेदी करणारे माझे सहसंग्राहक यांस,

स. न. वि. वि.

नामशेष झालेल्या मांसाहारी सस्तन प्राण्यांचे जीवाश्म आयुष्यभर जमवणाऱ्या एका ज्येष्ठ संग्राहकांच्या निधनानंतर त्यांचा संपूर्ण संग्रह आपल्यापैकी एका लिलावसंस्थेकडे विक्रीसाठी आला. संस्थेने तो एकसंध न ठेवता सुट्या नगांत विकायचे ठरवले. काही कवट्यांचे सुळे काढून ते स्वतंत्र नग म्हणून यादीत लावण्यात आले, हाडांवर बारीक अक्षरांत शाईने लिहिलेले क्रमांक पुसण्यात आले, आणि ज्या नोंदवहीमुळे त्या क्रमांकांना अर्थ होता ती वही ‘कुटुंबाचे खासगी कागद’ या सबबीखाली विक्रीतून वगळण्यात आली. मी लेखी हरकत घेतली, तेव्हा खरेदीदारांना हाडावर शाई आवडत नाही एवढेच उत्तर मिळाले. त्या संस्थेचे नाव मी इथे घेत नाही. हा प्रकार एका संस्थेपुरता नाही, आणि एकीकडे बोट दाखवून बाकीच्यांना मोकळे सोडावे असे मला वाटत नाही.

मी पुराजीवशास्त्रज्ञ नाही, संग्राहक आहे. हायनोडॉन या नामशेष शिकारी प्राण्याचे जबडे, गुहा-अस्वलाच्या दाढा, खड्गदंती (तलवारीसारख्या लांब सुळ्यांच्या) प्राण्यांच्या कवट्यांचे तुकडे हा माझाही छंद आहे, आणि त्यातले बरेचसे मी आपल्यासारख्यांकडूनच रीतसर विकत घेतले आहे. तेव्हा जीवाश्मांच्या खरेदीविक्रीवर सरसकट बंदी घाला, असे सांगायला हे पत्र लिहिलेले नाही. त्या दिवंगत संग्राहकांनी आपले नमुने मला हातात घेऊन पाहू दिले होते, मोजमापे घेऊ दिली होती. त्यांच्या संग्रहातला होप्लोफोनियसचा, म्हणजे निम्राव्हिड या मांजरांसारख्या दिसणाऱ्या नामशेष कुळातल्या खड्गदंती प्राण्याचा, एक खालचा जबडा मला चांगला आठवतो. पुढच्या टोकाला हाडाची रुंद पट्टी खाली उतरलेली होती. तोंड मिटल्यावर वरचा लांब सुळा तिच्या बाहेरच्या अंगाला टेकत असे. जबड्याच्या आतल्या बाजूस तीन अंकी क्रमांक होता. वहीत त्या क्रमांकापुढे जमीनमालकाच्या परवानगीची तारीख, ओहोळाचा हाताने काढलेला नकाशा, ज्वालामुखीच्या राखेच्या पांढऱ्या पट्ट्याच्या किती खाली जबडा मिळाला ते अंतर, आणि शेजारी ओरिओडॉन्ट या नामशेष तृणभक्षी प्राण्याच्या पायाची हाडे पडली होती अशी टीप होती. आपल्या यादीत त्याच जबड्यापुढे ‘खड्गदंती वाघ, ऑलिगोसीन, साऊथ डकोटा’ एवढेच छापले गेले.

माझी पहिली तक्रार या नोंदीबद्दलच आहे, आणि पुढच्या तक्रारी बहुतांशी हिच्यातूनच निघतात.

साऊथ डकोटा, नेब्रास्का आणि वायोमिंग या अमेरिकी राज्यांत पसरलेले व्हाइट रिव्हरचे थर सुमारे ३ कोटी ७० लाख ते ३ कोटी वर्षांपूर्वीच्या काळात साचत गेले. म्हणजे आपण ज्याला एक ठिकाण समजून यादीत छापता, त्यात लक्षावधी वर्षांचा काळ आडवा पसरलेला आहे. या काळाच्या मधोमध, सुमारे ३ कोटी ४० लाख वर्षांपूर्वी, इओसीन हा भूवैज्ञानिक कालखंड संपून ऑलिगोसीन सुरू झाला, पृथ्वीचे हवामान झपाट्याने थंड झाले आणि अंटार्क्टिकावर हिमस्तर पसरू लागले. या थंडीत कोणते शिकारी टिकले, कोणते नाहीसे झाले, कोणाचे आकारमान बदलले, हे पाहायचे असेल तर हाती आलेला जबडा त्या सीमेच्या वरचा आहे की खालचा हे माहीत असावे लागते. राखेच्या पट्ट्यांचे वय प्रयोगशाळेत काढता येते, त्यामुळे पट्ट्यापासूनचे अंतर लिहिलेले असले की जबड्याचे वयही बऱ्यापैकी नेमके सांगता येते. तो आकडा गेला की त्याच जबड्याबद्दल ‘तीन कोटींच्या आगेमागे’ यापलीकडे काही बोलता येत नाही. हाड तेच असते, झिलई अधिक चांगली असते आणि किंमतही चढलेली असते, मात्र त्याला विचारण्यासारखे प्रश्न संपलेले असतात.

असे केल्याने काय होते याचा अनुभव या क्षेत्राने पूर्वी घेतलेला आहे. नैऋत्य फ्रान्समधल्या केर्सी भागात चुनखडीच्या पठारावर असंख्य नैसर्गिक भेगा आणि विवरे आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्यांतले फॉस्फेट खतासाठी खणून काढले गेले, आणि त्याबरोबर हायनोडॉन, निम्राव्हिड, अँफिसायन कुळातले अस्वल-कुत्र्यांसारखे प्राणी आणि इतर कितीतरी सस्तनांची उत्तम जतन झालेली हाडे वर आली. ती युरोपभरच्या संग्रहालयांत आणि खासगी कपाटांत विखुरली. बहुतेकांच्या चिठ्ठीवर फक्त ‘केर्सी’ असे लिहिलेले होते. वास्तविक तिथली प्रत्येक भेग वेगळ्या काळी भरली होती आणि दोन भेगांमधले अंतर लक्षावधी वर्षांचे असू शकत होते. १९६० च्या दशकापासून फ्रेंच संशोधकांनी एकेक भेग स्वतंत्रपणे पुन्हा खणायला घेतली, तेव्हा कुठे केर्सीला युरोपातल्या प्राचीन सस्तनांच्या कालक्रमात मानाचे स्थान मिळाले. जुन्या संग्रहातल्या देखण्या कवट्यांना मात्र त्या कालक्रमात नेमकी जागा देणे आजही जिकिरीचे जाते. चिनी औषधांच्या दुकानांतून ‘ड्रॅगनची हाडे’ म्हणून विकत घेतल्या गेलेल्या जीवाश्मांवर १९०३ मध्ये जर्मन पुराजीवशास्त्रज्ञ माक्स श्लोसर यांनी ग्रंथ लिहिला, त्यातही हीच अडचण होती. दात कोणत्या प्राण्याचा हे कळत होते, परंतु तो कुठल्या टेकडीतून आला हे दुकानदारालाही ठाऊक नव्हते. त्या काळच्या खाणकामगारांना किंवा औषधविक्रेत्यांना दोष देण्यात अर्थ नाही, कारण हाडांचा असा उपयोग असतो हे त्यांना कोणी सांगितलेले नव्हते. आपल्याला ते माहीत आहे, आणि तरीही आपल्या हातात आलेली तयार नोंद आपण पुसता, याचे मला अधिक वाईट वाटते.

नोंद असली की किती वर्षांनीही काय हाती लागू शकते, याचे माझ्या आवडीचे उदाहरण नेब्रास्कातल्या अ‍ॅगेट इथले आहे. १९०४ आणि १९०५ साली कार्नेगी संग्रहालयाच्या ओलाफ पीटरसन यांनी तिथल्या एका लहानशा खाणीतून डॅफिनोडॉन या अस्वल आणि कुत्रा या दोघांची आठवण करून देणाऱ्या शिकारी प्राण्याचे सांगाडे काढले. सांगाडे उत्तम होते, पण इतके शिकारी प्राणी एकाच जागी का मेले हे कोडे तसेच राहिले. १९८१ मध्ये नेब्रास्का विद्यापीठाच्या रॉबर्ट हंट यांच्या चमूने ती हरवलेली खाण पुन्हा शोधली, आणि भोवतीच्या गाळात बिळांचे आकार दिसले. सुमारे २ कोटी वर्षांपूर्वी हे प्राणी तिथे बिळे करून राहत होते. मोठ्या मांसाहारी सस्तनांची इतकी जुनी बिळे त्याआधी कोणी पाहिलेली नव्हती. हाडे जवळजवळ पाऊण शतक संग्रहालयात होती, पण उत्तर हाडांत नव्हते, जागेत होते. ती हाडे १९०५ मध्येच जागेच्या उल्लेखाविना घरोघरच्या दिवाणखान्यांत गेली असती, तर बिळे सापडूनही त्यांत कोण राहत होते हे जुळवता आले नसते.

दुसरी तक्रार सुळे काढून विकण्याबद्दल, आणि जे देखणे नाही ते टाकून देण्याबद्दल आहे. मांसाहारी प्राणी मुळातच थोडे असतात. शेकडो तृणभक्षींच्या कळपामागे मोजकेच शिकारी जगू शकतात, त्यामुळे सर्वसाधारण थरात त्यांचे जीवाश्मही त्याच प्रमाणात विरळ मिळतात. खरेदीदाराला मात्र हवा असतो तो सुळा. परिणामी जे सर्वांत दुर्मिळ तेच सर्वांत जास्त तोडले जाते. सुळा जबड्यात असतो तेव्हा तो प्राण्याचे वय सांगतो, दाढांची झीज आणि सुळ्याची झीज ताडून पाहता येते, चाव्याचा कोन मोजता येतो. अमेरिकेतल्या ला ब्रेआ इथल्या डांबरात सापडलेल्या काही कोवळ्या स्मायलोडॉनांच्या, म्हणजे खड्गदंती मार्जारांच्या, जबड्यांत दुधाचा सुळा आणि त्याच्या शेजारीच बाहेर येणारा कायमचा सुळा असे दोन्ही एकत्र दिसतात. मोठा सुळा पुरता वाढेपर्यंत लहान सुळा काही महिने त्याला लागून राहत असे, हे अशा नमुन्यांमुळेच कळले. सुटा सुळा मखमलीच्या पेटीत ठेवल्यावर त्याच्याकडून यातले काहीही काढून घेता येत नाही. गुहा-अस्वलाच्या सुळ्यांना तर आपल्यापैकी काहीजण भोक पाडून दोरा ओवतात आणि गळ्यात घालायला विकतात, त्यावर मी अधिक लिहीत नाही.

तुटक्याफुटक्याचे मोल काय असते हे इंग्लंडमधल्या कर्कडेल गुहेने दोनशे वर्षांपूर्वीच दाखवून दिले आहे. १८२१ मध्ये ती गुहा उघडी पडली, आणि भूवैज्ञानिक विल्यम बकलंड यांनी तिथली हाडे तपासली. हत्ती, गेंडा, पाणघोडा अशा नाना प्राण्यांच्या हाडांचे तुकडे तिथे होते, आणि जवळजवळ सगळे कुरतडलेले होते. बकलंड यांनी जिवंत तरसाला हाडे खायला घालून उरलेले तुकडे गुहेतल्या तुकड्यांशी ताडून पाहिले, वाळलेली विष्ठा तपासली, आणि ही प्रलयात वाहून आलेली हाडे नसून तरसांनी आपल्या गुहेत ओढून आणलेली शिकार आहे, असे ठरवले. आज तीच गुहा आपल्या हाती आली, तर तरसांचे जबडे चढ्या भावाने विकले जातील आणि कुरतडलेले तुकडे ‘मोडतोड’ म्हणून कचऱ्यात जातील. ही अतिशयोक्ती असेल तर मला आनंद होईल, परंतु आपल्या याद्यांत कुरतडलेले हाड मला क्वचितच दिसते, आणि भरून आलेल्या फ्रॅक्चरची गाठ तासून सारखी केलेले हाड मी स्वतः पाहिलेले आहे. जखमी होऊनही तो प्राणी पुढे किती काळ जगला, तासली गेली ती हीच माहिती.

एकत्र ठेवलेल्या संग्रहाचे बळ पाहायचे असेल तर लॉस एंजेलिसच्या ला ब्रेआ संग्रहालयात एका भिंतीवर डायर वुल्फच्या ४०४ कवट्या मांडलेल्या आहेत. एकच कवटी असती तर ती एका लांडग्याची ओळख झाली असती. चारशे असल्यामुळे त्या जातीत केवढा फरक सामान्य होता आणि केवढा असामान्य, हे विचारता येते. तिथेही सुरुवातीची कामे सदोषच होती. १९१३ ते १९१५ या काळातल्या उत्खननात मोठी आणि पूर्ण हाडे उचलण्यावर भर होता, किडे, बिया आणि पक्ष्यांची बारीक हाडे यांच्याकडे फारसे लक्ष नव्हते. १९६९ मध्ये ९१ क्रमांकाचा खड्डा पुन्हा उघडला तो ही उणीव भरून काढण्यासाठीच, आणि तेव्हापासून प्रत्येक हाडाची दिशा आणि खोली मोजून लिहिली जाते. मोठ्या संस्थेने आपली पद्धत बदलली. व्यापाराने बदलू नये असे कारण मला दिसत नाही.

तिसरी तक्रार जोडकामाबद्दल. चीनच्या गान्सू प्रांतातल्या लिनश्या खोऱ्यातून मांसाहारी सस्तनांच्या अनेक सुंदर कवट्या जगभरच्या बाजारात आल्या. त्यांतल्याच एका कवटीवरून एका अतिप्राचीन चित्त्याची नवी जात जाहीर झाली आणि अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात तिच्यावर शोधनिबंध छापून आला. ती कवटी वेगवेगळे तुकडे आणि प्लास्टर जुळवून बनवलेली निघाली आणि २०१२ मध्ये निबंध मागे घ्यावा लागला. तज्ज्ञांची फसगत होते, तिथे हौशी खरेदीदाराची काय कथा? तुटलेला सुळा राळेने पुरा करणे, एका प्राण्याच्या कवटीला दुसऱ्याचा खालचा जबडा बसवणे, डाव्या सुळ्याचा आरसा-प्रतिबिंबासारखा उजवा घडवणे, हे सगळे आपल्या कार्यशाळांत चालते आणि ते ओळखणे फार अवघडही नाही. अतिनील दिव्याखाली धरले की राळ आणि खरे हाड वेगवेगळे चमकतात. स्मायलोडॉनच्या सुळ्याच्या धारेवर बारीक दाते असतात, आणि घडवलेल्या टोकावर ते बहुधा नसतात किंवा मध्येच थांबतात. सीटी स्कॅनमध्ये तर काहीच लपत नाही. दुरुस्ती करणे हा गुन्हा नव्हे. माझ्याकडच्या कित्येक नमुन्यांत दुरुस्ती आहे आणि त्याशिवाय ते उभे राहिले नसते. ती लपवून ‘९० टक्के मूळ’ असे मोघम छापणे ही फसवणूक आहे.

याच संदर्भात लेपांचाही विषय येतो. गुहा-अस्वल सुमारे २५ हजार वर्षांपूर्वी संपले, म्हणजे त्यांची अनेक हाडे कार्बन कालमापनाच्या आवाक्यातली आहेत. त्या हाडांवर लाखेचे व्हार्निश किंवा झटपट चिकटणारा गोंद चढवला, की कालमापनासाठी आणि डीएनएसाठी नमुना काढणे कठीण होऊन बसते. अ‍ॅसिटोनमध्ये सहज विरघळणारे पॅरालॉइड बी-७२ हे चिकटद्रव्य संग्रहालये वर्षानुवर्षे वापरत आली आहेत. ते महागही नाही. निदान काय लावले आहे एवढे तरी लिहून द्यावे.

चौथी तक्रार लहान आहे, याद्यांत छापल्या जाणाऱ्या चुकीच्या नावांची. निम्राव्हिड कुळातला प्राणी वाघ नाही, मांजरकुळातलाही नाही. थायलॅकोस्मायलस हा दक्षिण अमेरिकेतला खड्गदंती प्राणी तर पिशवीवाल्या सस्तनांच्या नात्यातला आहे. हायनोडॉनला ‘आदिम लांडगा’ म्हणणेही तितकेच चुकीचे आहे. कुत्र्यामांजरांच्या गणात मांस कापणाऱ्या दातांची एकच जोडी असते, हायनोडॉनच्या जबड्यात एकापेक्षा अधिक दाढा हे काम करत, आणि तोंडात डोकावणाऱ्या कोणालाही हा फरक दाखवता येतो. यादी लिहिणाऱ्याने तेवढे डोकावावे.

पाचवी तक्रार मालकीच्या कागदांची. युनेस्कोच्या १९७० च्या करारात सांस्कृतिक मालमत्तेच्या व्याख्येत पुराजीवशास्त्रीय वस्तूंचाही समावेश आहे. ब्राझीलमध्ये १९४२ पासून जीवाश्म राज्याच्या मालकीचे आहेत, अर्जेंटिनात २००३ चा २५,७४३ क्रमांकाचा कायदा आहे, चीनचे जीवाश्मसंरक्षणाचे नियम २०११ पासून लागू आहेत. अमेरिकेत २००९ च्या कायद्यानुसार संघराज्याच्या जमिनीवरचे पृष्ठवंशी जीवाश्म परवान्याशिवाय उचलता येत नाहीत, खासगी जमिनीवरचे मात्र जमीनमालकाचे असतात. म्हणजे कुंपणाच्या अलीकडचा जबडा कायदेशीर आणि पलीकडचा चोरीचा ठरू शकतो, आणि दोन्ही जबडे दिसायला सारखेच असतात. फरक कागदावर असतो. तरीही आपल्या याद्यांत ‘दक्षिण अमेरिका’, ‘आशिया’, ‘जुना युरोपीय संग्रह’ असे शब्द सर्रास येतात. ज्या वहीत जमीनमालकाच्या परवानगीची तारीख होती तीच वही वगळून एका संस्थेने आपल्याच मालाच्या कायदेशीरपणाचा पुरावा बाजूला टाकला, ही यातली गमतीची गोष्ट. व्यापारी शहाणपण म्हणूनसुद्धा ते पटत नाही.

आपल्याकडून दोन युक्तिवाद नेहमी ऐकू येतात, त्यांना उत्तर देणे मला भाग आहे. पहिला असा, की संग्रहालयात गेलेले हाड कपाटात धूळ खात पडते, संग्राहकाच्या घरी निदान कोणी पाहते तरी. कपाटात पडते हे खरे आहे. केनियातल्या मेस्वा ब्रिज इथे सत्तरच्या दशकाच्या अखेरीस निघालेला एका अजस्र मांसाहारी प्राण्याचा जबडा नैरोबीच्या राष्ट्रीय संग्रहालयाच्या कपाटात काही दशके पडून होता. २०१९ मध्ये त्याचे नाव सिम्बाकुब्वा ठेवण्यात आले, आणि हायनोडॉनच्या नात्यातला, आजच्या सिंहाहून बराच मोठा शिकारी म्हणून तो जगासमोर आला. त्या जबड्याला वाट पाहता आली, कारण त्याच्याबरोबर त्याचे ठिकाण लिहिलेले होते आणि कपाट उघडण्याचा हक्क कोणा एका मालकाच्या मर्जीवर अवलंबून नव्हता. अनेक शास्त्रीय नियतकालिके खासगी मालकीच्या नमुन्यांवरचे निबंध घेत नाहीत ती याचसाठी. आज पाहिलेला नमुना उद्या दुसऱ्या कोणाला तपासता येईल याची हमी तिथे नसते.

दुसरा युक्तिवाद अधिक वजनदार आहे आणि मी तो बराचसा मान्य करतो. हौशी माणसांनी आणि व्यापाऱ्यांनी उचलले नसते तर कितीतरी हाडे ऊन-पावसात झिजून गेली असती. २००० साली उत्तर समुद्रात एका मासेमारी जहाजाच्या जाळ्यात होमोथेरियम या खड्गदंती प्राण्याचा खालचा जबडा आला. युरोपातले होमोथेरियम सुमारे ३ लाख वर्षांपूर्वीच संपले असा तोवरचा समज होता, आणि हा जबडा सुमारे २८ हजार वर्षांपूर्वीचा निघाला. पुढे त्याच्या डीएनएचाही अभ्यास झाला. तो विद्यापीठाच्या उत्खननातून आलेला नव्हता. पण तो कुठल्या भागातून आला हे सांगणारे कोणी होते, त्याचा तुकडा कापून तपासू देणारे कोणी होते, आणि त्याचे वर्णन छापले गेले. माद्रिदजवळच्या सेरो दे लोस बातायोनेस इथेही १९९१ मध्ये खाणकामातच शिकारी प्राण्यांनी भरलेले नैसर्गिक सापळे उघडे पडले आणि वेळेवर तज्ज्ञांच्या हाती गेले, म्हणून आज खड्गदंती मार्जारांच्या सुमारे ९० लाख वर्षांपूर्वीच्या शरीररचनेबद्दल इतके माहीत आहे. यंत्र चालवणारा कामगार, मासेमार, संग्राहक, व्यापारी हे सगळे या कामात उपयोगी पडू शकतात. अट एवढीच, की त्यांनी मिळालेली माहिती मध्येच गाळू नये.

माझ्या सहसंग्राहकांनाही दोन शब्द सांगायचे आहेत, कारण ‘खरेदीदारांना शाई नको’ हे वाक्य आपल्या नावावर खपवले जात आहे. मला शाई हवी आहे. क्रमांक असलेला, चिठ्ठी असलेला, दुरुस्ती कबूल केलेला नमुना थोडा जास्त पैसे देऊन घ्यावा आणि कोरा चकचकीत सुळा परत करावा, एवढे आपण ठरवले तरी बाजाराला ते लगेच कळते. आपल्या पश्चात आपल्या संग्रहाचे काय व्हावे हेही लिहून ठेवावे, आणि नोंदवहीची एक प्रत घराबाहेर कुठेतरी, शक्यतो एखाद्या संग्रहालयात, ठेवावी. त्या ज्येष्ठ संग्राहकांनी सगळे काटेकोर केले होते, फक्त ही प्रत ठेवलेली नव्हती.

माझ्या मागण्या अशा आहेत.

हाडावरचा कोणताही क्रमांक, शिक्का किंवा चिकटवलेली चिठ्ठी आपण पुसू नये, आणि आधीच पुसली असेल तर तसे यादीत छापावे. मूळ नोंदवह्या, पत्रे आणि नकाशे विक्रीचा भाग मानावेत. कुटुंबाला ते स्वतःकडे ठेवायचे असतील तर त्यांची छायाप्रत प्रत्येक नगाबरोबर द्यावी. एका प्राण्याची हाडे, विशेषतः कवटी, जबडा आणि सुळे, वेगवेगळ्या नगांत विकू नयेत. एका जागेवरून आलेला संग्रह फोडण्यापूर्वी तो एकत्र घेण्याची संधी सार्वजनिक संग्रहालयाला द्यावी, आणि त्यांना निधी उभारायला पुरेसा अवधी द्यावा, कारण लिलावाच्या आठवडाभर आधी पाठवलेले पत्र म्हणजे संधी नव्हे. प्रत्येक नगासोबत कोणता भाग मूळ, कोणता जोडलेला आणि कोणता घडवलेला हे दाखवणारे रेखाचित्र आणि अतिनील प्रकाशातले छायाचित्र असावे. देश, भूभाग, थर आणि कायदेशीर मालकीचा कागद यांपैकी काहीच सांगता येत नसेल तर तो नग विक्रीला घेऊ नये. आणि विक्रीपूर्वी महत्त्वाच्या नमुन्यांचे साचे आणि स्कॅन संशोधकांसाठी काढून ठेवावेत. याने खरेदीदाराच्या मालकीला कसलाही धक्का लागत नाही.

ज्या संग्रहावरून हे पत्र लिहिले त्यातले बरेच नग अजून विकले गेलेले नाहीत. वही कुटुंबाकडे सुरक्षित आहे आणि ती दाखवायला त्यांची हरकत नाही, असे मला सांगण्यात आले आहे. माझ्याकडे त्या नमुन्यांची जुनी मोजमापे आणि काही छायाचित्रे आहेत. त्यांच्या मदतीने पुसलेल्या क्रमांकांपैकी पुष्कळ क्रमांक पुन्हा जुळवता येतील, आणि ते काम मी विनामोबदला करायला तयार आहे. त्यासाठी संबंधित संस्थेने उरलेल्या नगांची विक्री ते जुळवून होईपर्यंत थांबवावी आणि विकलेल्या नगांच्या खरेदीदारांपर्यंत माझे निवेदन पोहोचवावे, त्यांची नावे मला कळण्याची गरज नाही. बाकीच्या संस्थांनी वरच्या मागण्यांपैकी कोणत्या मान्य आहेत आणि कोणत्या नाहीत, हे आपल्या पुढच्या यादीच्या पहिल्या पानावर जाहीर करावे, अशी माझी विनंती आहे.

कळावे,

आपला नम्र,
एक संग्राहक